मथुराबाईंची ‘पैलतीरी दिवा’

चामराजपेटेतल्या आमच्या ग्रामोफोनच्या दुकानात गाणं मागायचं ते पहिल्या ओळीनं. गाणारा कोण, हे विचारायची रीत नव्हती. मालक प्राणेशराव म्हणत, गिऱ्हाईक ओळ गुणगुणत येतं, नाव आठवत येत नाही. म्हणून त्यांनी भिंतभर लाकडी खण करून घेतले होते आणि प्रत्येक खणावर कन्नड अक्षरांत एकेक ओळ चिकटवली होती. एकाच ओळीची दोन-तीन गाणी निघाली की ती सगळी एकाच खणात. ‘सांज झाली’च्या खणात पाच बाया होत्या. दोघी रडत होत्या, दोघी देवाचं म्हणत होत्या आणि एक नाचत होती. कुणाला त्यातली कुठली बाई द्यायची, हे ठरवायला त्यांनी मला ठेवलं होतं. मी यल्लाप्पा, खानापुराकडचा. मराठी घरची, कन्नड गावची आणि हिंदी पोटासाठी शिकलेली.

‘पैलतीरी दिवा’च्या खणात दोन प्रकारच्या प्लेटा होत्या. तबकडी हा शब्द पुस्तकातला, आम्ही प्लेटच म्हणायचो. एक मिरजेकडच्या कुणा कीर्तनकार बुवांची, लढाईच्या आधीची. तिच्यात बुवांपेक्षा खरखर जास्त. दुसरी मथुराबाईंची.

मथुराबाई आमच्याच पेटेत, तिसऱ्या क्रॉसला, म्हणजे तिसऱ्या आडव्या गल्लीत, राहत. ‘आम्ही शहाजीराजांबरोबर आलेले’ हे त्या कुणालाही, अगदी भाजीवाल्यालासुद्धा, दुसऱ्या वाक्यात सांगत. तीनशे वर्षांत त्यांच्या घरातली मराठी निम्मी कन्नड होऊन बसली होती, पण चुका त्या माझ्या काढत. मी ‘आम्ही आलाव’ म्हटलं की हसून म्हणत, “तुमच्या तिकडं असंच म्हणतात होय?” आणि पुन्हा मला ‘आलो’ म्हणायला लावत. तिशीच्या आतबाहेरच्या होत्या तेव्हा. अंगानं शेलाट्या, नाकात मोत्यांची नथ नाही तर चमकी, आणि चालणं असं की रस्ता त्यांच्यासाठी झाडून ठेवला आहे. आवाज मात्र खरा होता. बारीक, पण सुराला घट्ट. ह्या बाबतीत मी खोटं बोलणार नाही.

त्यांची प्लेट निघाली एकोणीसशे एक्कावन्न साली. मद्रासहून कंपनीची माणसं आली होती, एका शाळेचा माडीवरचा हॉल भाड्यानं घेऊन पंधरा दिवस राहिली आणि गावातल्या गाणाऱ्यांची गाणी भरून घेऊन गेली. मथुराबाईंचे यजमान त्रिविक्रमराव सरकारी कचेरीत कारकून. फायलीवर ‘पाहिले’ एवढंच लिहिण्यात त्यांची हयात गेली. पण त्यांच्या साहेबाची त्या कंपनीत ओळख होती, तेवढ्यावर बाईंना एक दुपार मिळाली. त्रिविक्रमरावांनी अट घातली की नावाखाली ‘हौशी’ असं छापायचं. घरंदाज बायकांच्या नावाखाली तसं छापायची तेव्हा पद्धतच होती, म्हणजे कुणी त्यांना कोठीवरची समजू नये. तसं छापलं गेलं. मिसेस मथुरा, आणि खाली बारीक अक्षरात हौशी.

गाण्याचे शब्द त्यांच्या वडिलांचे, चाल त्यांची स्वतःची. पैलतीरावर दिवा लागलेला दिसतो. नावाडी हाक मारतो, चल गं बाई, तुझी वेळ झाली. बाई अलीकडच्या काठावरून म्हणते, आज नको रे, चुलीवर दूध ठेवलंय, उतू जाईल. तीन कडवी, तीन हाका, तीन वेळा दूध. तिसऱ्या वेळी ‘दूध’ म्हणताना त्या सूर असा खाली सोडत की ऐकणाऱ्याला कळे, आता ही जाणार. कुणी शिकवलं नव्हतं हे त्यांना. त्या एका जागेसाठी मी ती प्लेट सांभाळून पुसायचो.

त्रिविक्रमरावांच्या भिडेखातर प्राणेशरावांनी दोनशे प्लेटा मागवल्या होत्या. सात वर्षांत अकरा गेल्या. त्यातल्या नऊ त्रिविक्रमरावांनीच लग्नामुंजीत आहेर म्हणून द्यायला नेल्या.

दर गुरुवारी दुपारी मथुराबाई दुकानात येत. गिऱ्हाईक असल्यासारख्या खणांवरून नजर फिरवत आणि विचारत, “‘पैलतीरी दिवा’ आहे का हो?”

“आहे की. कुणाची देऊ, अक्का?”

“अय्यो, कुणाची असली तरी चालेल. स्वल्प ऐकू तरी.”

मी प्लेट लावायचो. त्या काउंटरवर एक बोट ठेवून ताल धरत, दुधाच्या जागेला डोळे मिटत, आणि संपलं की म्हणत, “बऱ्या गातात ह्या.” मग पिनांची एक डबी घेऊन घरी जात. सात वर्षं हे नाटक चाललं. माझी आहे, असं त्या कधी म्हणाल्या नाहीत आणि मला ठाऊक आहे, असं मीही दाखवलं नाही. कधीकधी मी मुद्दाम बुवांची लावायचो. बाई तीन मिनिटं ती खरखर ऐकत ताटकळत उभ्या राहायच्या. माझी लावा, एवढं म्हणायची प्राज्ञा नव्हती. मला फार मजा वाटायची.

एवढा राग कशासाठी, तर एका लोट्यासाठी. चोपन्न साली त्यांचं गाण्याचं मशीन बिघडलं होतं. स्प्रिंग बदलून मी ते डोक्यावरून त्यांच्या घरी पोचवलं. उन्हाची वेळ होती. मला बाहेरच्या कट्ट्यावर बसवून त्यांनी कॉफी दिली, ॲल्युमिनियमच्या एका चेपलेल्या लोट्यात. तो लोटा कट्ट्याच्या कोपऱ्यातच असायचा, घरात जायचा नाही. पिऊन झाल्यावर मी तो धुऊन पालथा घातला. त्यांनी चार बोटांनी त्यावर पाणी शिंपडलं आणि मग उचलून कोपऱ्यात ठेवला. ठेवता ठेवता मायेनं म्हणाल्या, “ऊन फार आहे हो यल्लाप्पा, डोक्याला रुमाल बांधा.” शिवी दिली असती तर मी विसरलो असतो. त्यांच्या मनात माझ्याविषयी वाईट काहीच नव्हतं, आणि तेच मला गिळता आलं नाही.

अठ्ठावन्न साली मुंबईचा एक मराठी सिनेमा आला. मॅजेस्टिक भागातल्या एका थेटरात रविवारी सकाळी मराठी खेळ असायचे, तिथं लागला आणि पाच रविवार उतरेना. त्यात नायिका नावेत बसून पाणी उडवते आणि गाते, ‘पैलतीरी दिवा’. ओळ तीच, पुढं सगळं वेगळं. हिचा नावाडी तरणाबांड आणि दिवा म्हणजे त्याचं घर. चाल अशी की पाय आपोआप हलावेत. हॉटेलात, न्हाव्याकडं, बसच्या थांब्यावर, जिकडंतिकडं तेच. मराठी न येणारी माणसंसुद्धा ‘पैलतीरी, पैलतीरी’ करत फिरायला लागली.

आमच्याकडं सिनेमातल्या पंचवीस प्लेटा आल्या आणि दुपारपर्यंत संपल्या. दुकानासमोर माणसं उभीच. प्राणेशराव खणाकडं बघून म्हणाले, “आहेत की रे एवढ्या.”

“त्या दुसऱ्या आहेत, अण्णा.”

“ओळ तीच नव्हे?”

“तीच.”

“मग गिऱ्हाईक ओळच मागतंय. दे.”

दुकानात दोन पाट्या होत्याच. नवी प्लेट लावून दाखवणार नाही. विकलेली परत घेणार नाही. तरी एका वाक्यानं मी गिऱ्हाइकाला सावध करू शकलो असतो. प्राणेशरावांनी मला मारलं नसतं. मी मथुराबाईंची प्लेट कागदात गुंडाळत होतो आणि मनात म्हणत होतो, बाई, आता बघा तुम्ही कशा घरोघरी जाता आणि कशा घरोघरी शिव्या खाता. पंधरा दिवसांत खण रिकामा झाला.

त्यापुढच्या गुरुवारी त्या आल्या आणि नेहमीसारखं विचारलं.

“संपली, अक्का.”

“कुठली?”

“तुमची.”

सात वर्षांत तो शब्द मी पहिल्यांदा उच्चारला. त्यांनी काउंटरची कड धरली. मग हळूच म्हणाल्या, “पण त्या सिनेमातलीही तीच ओळ आहे नव्हे?”

मूर्ख नव्हत्या त्या. खरं काय असेल हे त्यांना क्षणभर दिसलं होतं, मला त्यांच्या तोंडावर वाचता आलं. तेवढ्यात मी म्हणालो, “आहे की. लोक दोन्ही ऐकतात आणि तुमची नेतात. सिनेमातलं उथळ आहे म्हणतात.”

माणसाला जे हवं असतं ते त्याच्या गळी उतरवायला कष्ट लागत नाहीत. त्यांचा चेहरा असा फुलला की मला वाटलं, झालं, आता ही बाई इथंच रडणार. रडल्या नाहीत. “लोकांना कळतं हो,” एवढंच म्हणाल्या आणि त्या दिवशी पिनांची डबी न घेताच गेल्या. संध्याकाळी कचेरी सुटल्यावर त्रिविक्रमराव येऊन गेले. रिकाम्या खणात त्यांनी हात घालून बघितला.

ज्यांनी प्लेटा नेल्या ते चार दिवसांत तोंडं वाकडी करून परत येऊ लागले. मी पाटी दाखवायचो. पण कंपनीची एक सवलत होती. जुन्या दोन प्लेटा दिल्या की नवीवर सूट मिळे. जुन्या प्लेटा खोक्यात भरून कारखान्याकडं जात, तिथं त्यांची लाख वितळवून नव्या करत. लोकांनी सगळ्यात आधी मथुराबाईंना परत आणलं. महिनाभरात चार खोकी भरली. सिनेमातली ती बाई पुढं जी हजारोंनी निघाली, तिच्यात आमच्या मथुराबाई किती वितळून गेल्या असतील देव जाणे.

एकच माणूस वेगळा आला. बनशंकरीच्या देवळाकडं राहणारे एक म्हातारे स्टेशनमास्तर, रिटायर झालेले. मी पाटीकडं बोट करणार इतक्यात ते म्हणाले, “आणखी एक द्या. ही मी झिजवणार.” मग विचारलं, “ह्या मिसेस मथुरा कुठं राहतात? दोन शब्द सांगायचे होते. ते दूध, शेवटचं... मी रोज ऐकतो.”

तिसरा क्रॉस आमच्या दुकानापासून चालत पाच मिनिटांवर. मी म्हणालो, “त्या वारल्या.”

का म्हणालो? हा माणूस त्यांच्या दारात जाईल, आणि मी रचलेल्या खोट्याच्या जागी त्यांना एक खरा ऐकणारा मिळेल, हे मला सोसलं नाही. दुसरं कारण नाही. म्हातारा मान हलवून म्हणाला, “तरीच. गाण्यातच ठरलेलं दिसतं जायचं.” मी त्याला परत आलेल्यांतली एक चांगली प्लेट दिली. पुढच्या महिन्यात तो बाडबिस्तरा घेऊन मुलाकडं जबलपूरला निघून गेला.

भाद्रपद जवळ आला. आमच्या पेटेतल्या मराठी मंडळींचा गणपती शाळेच्या पटांगणात बसे. कार्यक्रम ठरवायचे भीमाचार्यांनी. ते रिटायर झालेले हेडमास्तर, तीस सालानंतर सिनेमा न बघितलेले. आरतीच्या प्लेटा भाड्यानं न्यायला ते दुकानात आले तेव्हा मीच विषय काढला.

“आचार्य, यंदा गाणं कुणाचं?”

“बघतोय रे. परगावचं कुणी परवडत नाही.”

“परगावचं कशाला? ‘पैलतीरी दिवा’ आपल्याच पेटेतल्या बाईंची आहे की. प्लेट दुकानात एक शिल्लक नाही.”

प्रत्येक शब्द खरा होता. आचार्यांनी दोन दिवसांत मराठी आणि कन्नड हँडबिलं छापून घेतली. ‘पैलतीरी दिवा या सुप्रसिद्ध गीताच्या गायिका यांचे सुश्राव्य गायन’ असं मोठ्या टायपात, आणि मथुराबाईंचं नाव खाली, वर्गणीच्या विनंतीजवळ. ती हँडबिलं पार कँटोनमेंटपर्यंत गेली. मुंबईची बाई येणार, अशी हूल उठली आणि मी ती मोडली नाही.

दोन दिवस आधी मथुराबाई दुकानात आल्या. “यल्लाप्पा, तुम्ही पुढं बसा हं. तुमच्यामुळं कळलं मला. नाही तर मी आपली गुरुवारी येऊन जात होते वेड्यासारखी.” सात वर्षांच्या नाटकाविषयी त्यांनी हे एकदाच बोलून दाखवलं. सांगून टाकावं, असं वाटलं. मी म्हणालो, “सरी, अक्का. बसतो की.”

संध्याकाळी सहाला पटांगणात पाय ठेवायला जागा नव्हती. झाडावर माणसं, कंपाउंडवर माणसं. मथुराबाई हिरवं नऊवारी नेसून, तंबोरा घेऊन बसल्या. त्रिविक्रमराव कोट-टोपी घालून पहिल्या रांगेत, माझ्या शेजारी. पडदा सरला तसं मागून कुणी तरी म्हणालं, “ही कोण?” पण गर्दी अजून आशेवर होती. बाईंनी सूर लावला आणि ओळ म्हटली, ‘पैलतीरी दिवा’.

टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या ओळीला झाला, बाईंना नव्हे, पण त्यांना ते कुठं कळणार? हसल्या. एवढ्या टाळ्या त्यांनी जन्मात ऐकल्या नव्हत्या. मग गाणं आपल्या वाटेनं, त्यांच्या वाटेनं निघालं, आणि पटांगण गप्प झालं. पहिलं दूध आलं तेव्हा एक पोरगा ओरडला, “बाई, दूध नको, नाव आणा!” हशा पिकला. शिट्ट्या सुरू झाल्या. झाडावरच्यांनी सिनेमातली चाल उचलली, कंपाउंडवरच्यांनी टाळ्या धरल्या, बघता बघता सगळं पटांगण त्यांच्या आवाजावरून त्यांचीच ओळ दुसऱ्या चालीत म्हणायला लागलं. तबलजी भाड्याचा होता. त्याचा हात कधी सिनेमाच्या ठेक्यात गेला ते त्यालाही कळलं नसेल. मथुराबाई दुसऱ्या कडव्याच्या अर्ध्यात थांबल्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

मी मान खाली घातली नाही. मी हसत होतो. इतरांसारखाच.

भीमाचार्य घाम पुसत स्टेजवर गेले आणि त्यांच्या कानाशी वाकले. माईक चालू होता, त्यामुळं सगळ्यांनी ऐकलं. “मथुराबाई, हे लोक म्हणतात तसं स्वल्प म्हणा की. उत्सवाची लाज राखा.”

मला वाटलं, उठून जातील. तंबोरा आडवा ठेवून, शहाजीराजांच्या तोऱ्यात चालत जातील, आणि गेल्या असत्या तर मी हरलो असतो. त्यांनी तंबोरा आडवा ठेवला खरा, पण उठल्या नाहीत. पदर खोचला आणि सिनेमातलं गाणं सुरू केलं. सगळं पाठ होतं त्यांना. कडवी, हरकती, मधला नावाड्याचा हेल, सगळं. हॉटेलातल्या रेडिओवरून येणारा शब्द न् शब्द ह्या बाईनं उंबऱ्याआड उभं राहून ऐकला होता. आणि गायल्या अशा की मुंबईचीनं कान धरावेत. पटांगण वेडं झालं. तीनदा म्हणायला लावलं. तिसऱ्या वेळी त्या स्वतः टाळी वाजवत होत्या. शेजारी त्रिविक्रमरावांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. “बघितलंस?” मला म्हणाले, “माझी बायको!” एक्कावन्न साली त्यांनी नावाखाली हौशी छापायला लावलं होतं.

त्यानंतर मथुराबाईंना उसंत राहिली नाही. बारसं, डोहाळजेवण, हळदीकुंकू, बदली झालेल्या साहेबाचा निरोप, सगळीकडं ‘पैलतीरी दिवा’. त्यांचं दुधाचं कुणी मागितलं नाही आणि त्यांनीही पुन्हा काढलं नाही. गुरुवारचं येणं बंद झालं. रस्त्यात दिसल्या की हसून विचारत, “कसं चाललंय यल्लाप्पा?” रागाचं नावही नव्हतं. त्यांनी माझ्यावर राग काढला असता, चार शब्द सुनावले असते तर मी सुटलो असतो.

साठ साली कंपनीची माणसं पुन्हा आली. सिनेमातली चालती गाणी गावच्या स्वस्त आवाजात भरून कमी किमतीत विकायची टूम निघाली होती. मथुराबाईंना बोलावणं आलं. त्यांनी मुंबईच्या बाईची हुबेहूब नक्कल करून दिली. ह्या प्लेटेवर गाणाऱ्याचं नाव छापलंच नव्हतं, हौशीदेखील नाही, फक्त ओळ. प्राणेशरावांनी ती त्याच खणात ठेवली आणि ती चांगली खपली. “अगदी तिच्यासारखं गायलंय,” लोक म्हणत, “कोण आहे?” मी खांदे उडवायचो.

ती प्लेट न्यायला त्रिविक्रमराव आले तेव्हा सवलतीसाठी घरातल्या जुन्या प्लेटांचा गठ्ठा घेऊन आले होते. गठ्ठ्यात तिसरी होती मिसेस मथुरा, हौशी. त्यांची स्वतःची, झिजून पांढरी पडलेली. त्रिविक्रमरावांनी न बघता आणली होती, फाईल पुढं सरकवतात तशी. आहेर दिलेल्या नऊ कधीच कुणाच्या घरी उरल्या नव्हत्या, मोडीत माझ्याच हातून गेल्या होत्या. गावातली ही शेवटची, हे मला ठाऊक होतं. मी ती हातात घेतली, नाव वाचलं आणि खोक्यात टाकली. मग त्रिविक्रमरावांना सूट मोजून दिली.

सहासष्ट साली मथुराबाईंना विषमज्वर झाला. एकवीस दिवस ताप उतरला नाही. एका सकाळी त्रिविक्रमराव दुकानात आले, दाढी वाढलेली, कोटाची बटणं वरखाली लागलेली.

“यल्लाप्पा, हिची पहिली प्लेट आहे का रे कुठं? ती जुनी?”

“नाही हो. एकही नाही.”

“घरीही सापडत नाही. सगळं उलथंपालथं केलं मी.” त्यांना आठवतच नव्हतं. “तर मग चल जरा. तुला बोलावलंय तिनं.”

मला माजघरात, त्यांच्या बिछान्याशी नेलं. बाईंचे केस कापून टाकले होते. डोळे मात्र स्वच्छ होते, भ्रम नव्हता. त्यांनी त्रिविक्रमरावांना पाणी आणायला पाठवलं आणि मला म्हणाल्या, “यल्लाप्पा, माझी चाल मला आठवेना हो.”

“कुठली, अक्का?”

“माझी. दुधाची.” आणि म्हणून दाखवू लागल्या. ‘पैलतीरी दिवा’. ओळ संपेपर्यंत त्यांचा सूर नावेत जाऊन बसला. थांबल्या. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच, पाणी उडवणारं. तिसऱ्यांदा अगदी हळू, एकेक अक्षर चाचपत गेल्या आणि ‘दिवा’वर तीच मुंबईची हरकत आपोआप आली. त्यांनी आपल्याच तोंडावर चापट मारली. “बघितलंत? शब्द आठवतात सगळे. चाल येतच नाही. आठ दिवस झाले, डोळा लागत नाही. आठ वर्षं तेच तेच म्हणून जिभेला तेच वळण पडलं.” मग त्यांनी माझं मनगट धरलं. ताप हाताला लागत होता. “तुम्ही ऐकलीये. दर गुरुवारी लावत होता तुम्ही. सात वर्षं. एकच ओळ म्हणून दाखवा. एक ओळ मिळाली की पुढचं मी सापडवते.”

मला ती चाल पाठ आहे. तेव्हाही होती. तिन्ही कडवी, तिन्ही दुधं, शेवटचा उतार. आंघोळ करताना माझ्या तोंडात तीच येते. माझा गळा काही गाणाऱ्याचा नाही, पण ओळ दाखवण्याइतका बरा आहे. मी तोंड उघडलंही. आणि मला दिसलं की मी ओळ म्हटली की ह्या बाई आधी ऐकतील, मग रडतील आणि मग विचारतील, इतकं आवडत होतं तर त्या संध्याकाळी हसलात का?

“नाही आठवत, अक्का,” मी म्हणालो. “किती वर्षं झाली.”

त्यांनी मनगट सोडलं. “खरंच,” म्हणाल्या, “तुम्ही तरी किती लक्षात ठेवणार? दुकानात इतकी गाणी.” आणि भिंतीकडं वळल्या.

त्या मेल्या असत्या तर ही गोष्ट इथं संपली असती आणि मलाही चार टिपं गाळता आली असती. पण पाचव्या दिवशी ताप उतरला. केस पुन्हा वाढले, नव्या केसांत बरेच पांढरे आले. त्या वर्षीच्या गणपतीत भीमाचार्यांच्या आग्रहावरून त्या गायल्या आणि लोकांनी दोनदा म्हणायला लावलं. अधूनमधून मला विचारतात, “आठवलं का हो काही?” मी म्हणतो, “नाही, अक्का.” आज एकोणसत्तर साल आहे. त्या अजून तिसऱ्या क्रॉसलाच राहतात आणि दुकानात जायचा माझा रस्ता त्यांच्या दारावरूनच आहे.